फेसाळ द्राक्षमद्याची लहान बाटली : माप, कर आणि उपभोग यांच्या परस्परसंबंधांचा इतिहास

१. विषयप्रवेश

उपभोगाच्या इतिहासात वस्तूंचा विचार पुष्कळ झाला आहे. त्या वस्तू ज्या पात्रांतून विकल्या गेल्या, त्या पात्रांचा विचार मात्र त्या मानाने थोडा झाला आहे. धान्याच्या बाबतीत पायली, शेर, मण या मापांमागे राजसत्ता, बाजार आणि कुळ यांचे संबंध कसे गुंतलेले असत, हे महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. माप हे केवळ मोजण्याचे साधन नसते. कोण किती घेईल, कोणाच्या संगतीत घेईल आणि किती वेळा घेईल, हेही पुष्कळ अंशी तेच ठरवते. प्रस्तुत निबंधात या दृष्टीने युरोपातील एका विशिष्ट पात्राचा, म्हणजे फेसाळ द्राक्षमद्याच्या अर्ध्या व पाव बाटलीचा, मागोवा घेतला आहे.

या विषयासंबंधी सामान्यतः असे समजले जाते की, शँपेनसारख्या मद्याची लहान बाटली ही विसाव्या शतकाच्या अखेरीस जाहिरातदारांनी काढलेली क्लृप्ती आहे. समारंभापुरते मर्यादित असलेले पेय एकट्यादुकट्याला, साध्या दिवशीही घेता यावे, यासाठी ती निर्माण झाली. या समजात तथ्याचा अंश आहे. पण तो अपुरा आहे. लहान बाटलीचे अस्तित्व अठराव्या शतकातील राजाज्ञेतच नमूद आहे. त्यानंतर ती कधी पुढे आली, कधी मागे पडली. या चढउतारांमागे गिऱ्हाइकाच्या आवडीपेक्षा काचेचे स्वरूप, कराची पद्धत आणि मापांचे कायदे यांचा हात अधिक होता, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२. बाटलीतच घडणारे मद्य

साधे द्राक्षमद्य पिंपात तयार होते आणि बाटलीत केवळ साठवले जाते. शँपेन पद्धतीच्या मद्याचे तसे नाही. त्यात तयार मद्य बाटलीत भरताना साखर आणि किण्व घालतात. बंद बाटलीत दुसरे किण्वन होते आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर जाऊ न शकल्यामुळे मद्यातच विरघळून राहतो. दर लिटरला सुमारे ४ ग्रॅम साखर घातली असता एका वातावरणाइतका दाब निर्माण होतो. २४ ग्रॅमच्या आसपास साखर घातली की दाब सहा वातावरणांपर्यंत जातो. एवढा दाब सोसणारी बाटली उपलब्ध होईपर्यंत हे मद्य व्यापाराची वस्तू होणे शक्य नव्हते.

अशी बाटली प्रथम इंग्लंडात झाली, आणि तीही काहीशी अप्रत्यक्ष कारणाने. आरमारासाठी लाकूड राखून ठेवावे म्हणून १६१५ मध्ये पहिल्या जेम्स राजाने काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळण्यास बंदी केली. कारागीर दगडी कोळशाकडे वळले. भट्टीचे तापमान वाढले. काच काळसर पण जाड व बळकट निघू लागली. १७ डिसेंबर १६६२ रोजी ख्रिस्तोफर मेरेट याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध सादर केला. मद्य चुरचुरीत व फेसाळ व्हावे म्हणून इंग्रज मद्यव्यावसायिक त्यात साखर व काकवी घालतात, असे त्यात नमूद आहे. दोम पेरिन्यों हा साधू ओव्हिलेच्या मठात १६६८ मध्ये आला. तेव्हा फेसाळ मद्याचा ‘शोध’ त्याने लावला ही लोकप्रिय कथा कालानुक्रमाशीच जुळत नाही.

या मद्याचा एक गुणधर्म येथे ध्यानात ठेवणे अवश्य आहे, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर अवलंबून आहे. बूच एकदा काढले की दाब नाहीसा होतो आणि वायू निसटू लागतो. ब्रँडीची किंवा पोर्टची उघडलेली बाटली पुष्कळ दिवस ठेवता येते. फेसाळ मद्याची बाटली एकदोन दिवसांत संपवावीच लागते. म्हणून येथे बाटलीचा आकार हाच मंडळीचा आकार ठरतो. ७५ सेंटिलिटरच्या बाटलीत १२.५ सेंटिलिटरचे सहा पेले भरतात. अर्ध्या बाटलीत तीन. २० सेंटिलिटरच्या पाव बाटलीत दीड पेल्याहून थोडे अधिक. जिथे फक्त पूर्ण बाटलीच मिळते, तिथे हे पेय चारसहा माणसे जमल्याखेरीज उघडले जाणार नाही. शँपेनला जे समारंभाचे वलय प्राप्त झाले त्याची कारणे किंमत, राजदरबार आणि जाहिरात यांत शोधली जातात. ती खरीच आहेत, पण या वलयाचा एक भाग निव्वळ बाटलीच्या मापातून आला आहे, याकडे दुर्लक्ष होता कामा नये.

३. १७३५ ची राजाज्ञा आणि ‘प्रमाणात’ या शब्दाचे महत्त्व

फ्रान्समध्ये मद्याची वाहतूक दीर्घकाळ पिंपांतूनच होत असे. बाटलीतून होणाऱ्या वाहतुकीवर कर बसवणे व तपासणी करणे अवघड असल्याने ती निषिद्ध होती. २५ मे १७२८ रोजी पंधराव्या लुईच्या मंत्रिमंडळाने शँपेन प्रांतातील मद्य पन्नास किंवा शंभर बाटल्यांच्या टोपल्यांतून नेण्यास परवानगी दिली. पुढच्याच वर्षी, १७२९ मध्ये, र्‍युइनार यांची पेढी स्थापन झाली. व्यापाराला कायद्याने दार उघडून दिल्यावर व्यापारी संस्था किती त्वरेने उभ्या राहतात, याचे हे बोलके उदाहरण होय.

परंतु बाटली ही व्यापाराची वस्तू झाली की तिचे माप ठरवणे क्रमप्राप्त होते. ८ मार्च १७३५ च्या राजघोषणेने ते काम केले. बाटलीत पॅरिसचा एक पाइंट, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे ९३ सेंटिलिटर, मद्य मावले पाहिजे आणि तिचे वजन २५ औंसांहून कमी असता कामा नये, असा दंडक घालण्यात आला. पॅरिसचा औंस ३०.५९ ग्रॅमचा धरला तर हे वजन सुमारे ७६५ ग्रॅम होते. बूच तिपदरी पिळाच्या दोरीने फुलीच्या आकारात बांधण्याची पद्धतही याच काळातील नियमांनी पक्की केली. या घोषणेत अर्ध्या आणि पाव बाटल्यांचा स्पष्ट उल्लेख आहे : त्यांचे वजन त्यांच्या मापाच्या प्रमाणात असावे. दुप्पट व त्याहून मोठ्या बाटल्यांनाही हाच नियम लावला आहे.

या उल्लेखाचे महत्त्व दुहेरी आहे. पहिली गोष्ट अशी की, १७३५ मध्ये अर्धी आणि पाव बाटली व्यवहारात होती; नसती तर कायद्याने तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. फेसाळ मद्याचा बाटलीबंद व्यापार अधिकृतपणे सुरू होऊन जेमतेम सात वर्षे झाली असता ही दखल घेतली गेली आहे. अर्थात, ही घोषणा सर्व प्रकारच्या मद्याच्या बाटल्यांना उद्देशून होती. पाव बाटलीत त्या काळी फेसाळ मद्यच भरले जाई, असा अर्थ तीवरून काढता येणार नाही. लहान बाटली ही कायदामान्य वस्तू होती, एवढेच तीवरून निश्चित होते.

दुसरी गोष्ट तांत्रिक आहे. नळकांड्यासारख्या पात्राच्या भिंतीवर पडणारा ताण आतील दाब आणि त्रिज्या यांच्या सम प्रमाणात व जाडीच्या व्यस्त प्रमाणात असतो. बाटली आकाराने सारखी ठेवून लहान केली, तर त्रिज्या ज्या प्रमाणात घटते त्याच प्रमाणात जाडीही घटवता येते. ताण तेवढाच राहतो. त्रिज्या आणि जाडी एकाच प्रमाणात घटली म्हणजे काचेचे वजन बरोबर मापाच्या प्रमाणात घटते. म्हणजे ‘प्रमाणात’ या एका शब्दाने राजाज्ञेने जो नियम केला, तो सामर्थ्यशास्त्राच्या दृष्टीनेही नेमका योग्य होता. घोषणा करणाऱ्यांना हे गणित अवगत होते असे समजण्याचे कारण नाही. त्यांना गिऱ्हाइकाची फसवणूक आणि कराची चुकवेगिरी थांबवायची होती. परंतु न्याय्य मापाचा नियम आणि बळकट काचेचा नियम येथे एकरूप झाले, ही बाब लक्षणीय आहे.

तरीही त्या काळच्या बाटल्या मोठ्या संख्येने फुटत. आजच्या प्रमाणित शँपेन बाटलीचे वजन २०१० पासून ८३५ ग्रॅम आहे आणि तीत ७५ सेंटिलिटर मद्य मावते. त्यापूर्वी ते ९०० ग्रॅम होते. म्हणजे दर लिटरमागे १७३५ च्या बाटलीत सुमारे ८२० ग्रॅम काच होती, तर आज हलकी केलेल्या बाटलीतही ती ११०० ग्रॅमहून अधिक आहे. अठराव्या शतकातील फेस आजच्याइतका जोरकस नसे, आणि जिथे तो जोर करी तिथे काच टिकत नसे, हे या आकड्यांवरून उघड होते. शालों येथील औषधविक्रेता फ्रांस्वा याने १८३० च्या दशकात मद्यातील साखर मोजून किती साखर घालावी याचे कोष्टक दिले, तेव्हाच फुटतुटीला आळा बसू लागला. १८४४ मध्ये अडॉल्फ जॅकसों याने बुचावरील तारेच्या जाळीचे पेटंट घेतले. या दोन सुधारणांनंतर हे मद्य खऱ्या अर्थाने दूरच्या बाजारपेठांना पाठवण्याजोगे झाले.

४. ब्रिटिश बाजारपेठ : ‘पाइंट’ म्हणजे नेमके किती?

एकोणिसाव्या शतकात शँपेनची महत्त्वाची परदेशी बाजारपेठ ब्रिटन ही होती. त्या देशातील कागदपत्रांत, मालाच्या याद्यांत व जाहिरातींत शँपेनचे ‘क्वार्ट’ आणि ‘पाइंट’ असे दोन प्रकार वारंवार येतात. हे शब्द वाचताना अभ्यासकाची फसगत होण्याचा संभव असतो. १८२४ च्या वजनमापांच्या कायद्याने ‘इंपीरियल’ गॅलन निश्चित केला. त्याचा चौथा भाग म्हणजे क्वार्ट व आठवा भाग म्हणजे पाइंट. या हिशेबाने पाइंट ५६.८ सेंटिलिटरचा होतो. परंतु मद्याच्या व्यापारात याहून वेगळे, रूढीने मानलेले माप चालत असे. त्यात सहा बाटल्यांचा एक गॅलन धरीत. म्हणजे रूढ क्वार्ट ७५.८ सेंटिलिटरचा आणि रूढ पाइंट ३७.९ सेंटिलिटरचा. पहिली म्हणजे आजची पूर्ण बाटली, दुसरी म्हणजे आजची अर्धी बाटली.

एखाद्या कागदात कोणते माप अभिप्रेत आहे हे ओळखण्याची कसोटी सोपी आहे. क्वार्टचे एक डझन आणि पाइंटचे दोन डझन अशी खोकी जिथे समान मापाची म्हणून येतात, तिथे एकट्या त्या प्रमाणावरून काहीच ठरत नाही, कारण दोन्ही पद्धतींत क्वार्ट हा पाइंटच्या दुप्पटच असतो. पण त्या खोक्याला दोन गॅलन असे म्हटले असेल, तर माप रूढ आहे हे निश्चित होते. १८६० च्या ब्रिटिश कायद्यात किरकोळ विक्रीची व्याख्या ‘दोन गॅलनांहून किंवा एक डझन रूढ क्वार्ट बाटल्यांहून कमी’ अशी केली आहे. त्यात हे समीकरण स्पष्टच दिसते. ब्रिटिश अमदानीतील हिंदुस्थानच्या जकातीच्या कोष्टकांतही मद्यावरील दर ‘एक इंपीरियल गॅलनास किंवा सहा क्वार्ट बाटल्यांस’ अशा शब्दांत दिलेला आढळतो. इंपीरियल क्वार्ट अभिप्रेत असता तर ‘चार’ हा आकडा आला असता. तेव्हा मुंबई बंदरात उतरणाऱ्या शँपेनच्या ‘पाइंट’ बाटल्या अर्ध्या बाटल्या होत्या, असे मानणेच सयुक्तिक होईल. याच कोष्टकांत शँपेन व इतर फेसाळ मद्ये यांना साध्या मद्याहून वेगळा व चढा दर असे. साहेबांच्या घरातील हिंदुस्थानी नोकरांच्या तोंडी शँपेनचे ‘सिमकिन’ असे रूप झाले होते. १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात त्याची नोंद आहे.

हा खल केवळ शब्दांचा नाही. ‘व्हिक्टोरियन काळी शँपेन पाइंटाच्या बाटलीत मिळे’ या विधानाचा अर्थ ५७ सेंटिलिटर की ३८ सेंटिलिटर यावर, त्या काळी एका माणसाचे माप काय समजले जाई, हे अवलंबून आहे. ५७ सेंटिलिटर म्हणजे साडेचार पेले. ३८ सेंटिलिटर म्हणजे तीन. खऱ्या इंपीरियल पाइंटाच्या शँपेन बाटल्याही विसाव्या शतकात ब्रिटनमध्ये विकल्या जात आणि विन्स्टन चर्चिल यांना पोल रोजे पेढीची तशी बाटली विशेष प्रिय होती, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. परंतु एका थोर गिऱ्हाइकाच्या सवयीवरून सबंध व्यापाराचे माप ठरवणे इतिहासाच्या पद्धतीला धरून नाही.

५. एक बाटली विकत घेण्याचा हक्क

लहान बाटलीचा प्रश्न लहान खरेदीच्या प्रश्नाशी निगडित आहे. २३ जानेवारी १८६० रोजी ब्रिटन व फ्रान्स यांच्यात व्यापारी तह झाला. अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांनी फ्रेंच मद्यावरील जकात गॅलनला पाच शिलिंगांहून अधिक होती ती तीन शिलिंगांवर आणली. लगेच पुढे हलक्या मद्यावर ती एक शिलिंग एवढीच ठेवली. त्याच सुमारास किराणा दुकानदारांना मद्याची किरकोळ विक्री करण्याचे परवाने मिळू लागले, आणि १८६१ च्या कायद्याने एकेक बाटली विकण्याची मोकळीक झाली. तोपर्यंत मध्यमवर्गीय कुटुंबाला चांगले मद्य घ्यायचे तर व्यापाऱ्याकडून डझनावारी घेऊन तळघरात ठेवावे लागे. तळघर नाही त्याला मद्य नाही, अशी स्थिती होती. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या गिल्बी पेढीने या बदलाचा पुरेपूर लाभ घेतला व गावोगावच्या किराणा दुकानदारांना आपले अडत्ये केले.

ग्लॅडस्टन यांचा हेतू नैतिक स्वरूपाचा होता. हलके मद्य स्वस्त व सुलभ झाले की लोक जिन व इतर कडक दारूपासून परावृत्त होतील, अशी त्यांची धारणा होती. दारूबंदीच्या पुरस्कर्त्यांनी तिला कडाडून विरोध केला. किराणा दुकानातून घरोघर मद्य पोचेल आणि विशेषतः स्त्रियांना ते गुपचूप मिळेल, असे त्यांचे म्हणणे होते. थोडे, हलके आणि घरी घेतलेले मद्य हा संयमाचा मार्ग की व्यसनाची पहिली पायरी, हा वाद लहान मापाच्या प्रत्येक टप्प्यावर पुन्हा उपस्थित झालेला दिसतो.

याच काळात मद्याच्या रुचीतही पालट झाला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील शँपेन अतिशय गोड असे. बाल्टिक समुद्रात आलँड बेटांजवळ बुडालेल्या जहाजातून २०१० मध्ये काढलेल्या बाटल्यांतील मद्यात लिटरला सुमारे १५० ग्रॅम साखर आढळली. असे मद्य भोजनाच्या शेवटी मिष्टान्नाबरोबर एखादा पेला घेण्याचे होय. इंग्रज गिऱ्हाइकाने कमी गोड मद्याची मागणी केली आणि १८७४ च्या हंगामापासून मादाम पोमेरी यांच्या पेढीचे कोरडे मद्य प्रसिद्धीस आले. कोरडे मद्य भोजनापूर्वी किंवा भोजनभर घेता येते. मिष्टान्नाच्या वेळी सर्व मंडळी एकत्र असतात. भोजनापूर्वीचा पेला दोघांचा किंवा एकट्याचाही असू शकतो. रुचीतील या बदलाने अर्ध्या बाटलीला अवसर मिळवून दिला.

६. पाव बाटली : कर, टाकी आणि विसावे शतक

पाव बाटलीचे आधुनिक पुनरुज्जीवन शँपेन प्रांतात नव्हे, तर जर्मनीत झाले. तेथे १९०२ मध्ये कैसर दुसरा विल्हेल्म याच्या कारकीर्दीत आरमाराच्या खर्चासाठी फेसाळ मद्यावर कर बसवण्यात आला. १९३३ मध्ये मंदीच्या काळात उद्योगाला उभारी यावी म्हणून तो स्थगित झाला. दोनच वर्षांनी, १९३५ मध्ये, व्हीसबाडेन येथील हेंकेल पेढीने ०.२ लिटरची बाटली ‘पिकोलो’ या नावाने बाजारात आणली. जर्मन भाषेत हा शब्द हॉटेलातील उमेदवार पोऱ्यालाही लावतात. हे व्यापारनाम इतके रूढ झाले की जर्मनीत आज कोणत्याही पेढीच्या पाव बाटलीला सामान्यतः पिकोलोच म्हणतात. कर उठताच मोठी बाटली स्वस्त होते हे खरे; पण जिथे गिऱ्हाइकाच्या खिशात मुळातच थोडे आहे, तिथे स्वस्त मोठ्या बाटलीपेक्षा परवडणारी लहान बाटली अधिक खपते, हा व्यापारी हिशेब येथे दिसतो. १९३९ मध्ये युद्धाबरोबर कर पुन्हा आला. बाटली मात्र टिकून राहिली.

ब्रिटनमध्ये हेच काम द्राक्षमद्याने नव्हे, तर नाशपातीच्या मद्याने केले. सॉमरसेट परगण्यातील शेप्टन मॅलेट येथील शॉवरिंग बंधूंनी १९५३ मध्ये ‘बेबीशॅम’ हे फेसाळ पेय लहान बाटल्यांतून देशभर विक्रीस आणले. १९५७ मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीवर त्याची जाहिरात झाली. पबमध्ये जाणाऱ्या स्त्रियांसाठी हे पेय आहे, असे त्या जाहिरातींचे सूत्र होते. शँपेनच्या पेल्यासारख्या पेल्यात ओतलेली एका व्यक्तीपुरती बाटली हे स्त्रीच्या स्वतंत्र मागणीचे साधन झाले. बिअरच्या पाइंटाची संगत नको असलेल्या गिऱ्हाइकाला आपले स्वतःचे माप मिळाले. १८६० च्या दशकात टीकाकारांनी ज्याची भीती व्यक्त केली होती, त्याचाच शंभर वर्षांनी जाहिरातदारांनी पुरस्कार केला, असे म्हणता येईल.

शँपेन प्रांताच्या दृष्टीने पाव बाटलीची अडचण तांत्रिक आहे. अर्ध्या बाटलीपासून तीन लिटरच्या जेरोबोमपर्यंतच्या मापांत दुसरे किण्वन विक्रीच्या बाटलीतच व्हावे लागते. पाव बाटलीला, आणि तीन लिटरहून मोठ्या बाटल्यांना, मात्र मोकळीक आहे. पूर्ण बाटलीत तयार झालेले मद्य गाळ काढल्यावर दाबाखाली त्यांत ओतले जाते. म्हणजे पाव बाटलीतील शँपेन तिच्यात ‘घडलेली’ नसते, केवळ भरलेली असते. शिवाय बाटली लहान झाली तरी तिची मान तेवढीच राहते. बुचावाटे आत शिरणारा प्राणवायू जवळजवळ तेवढाच. मद्य मात्र निम्मे किंवा पाव. त्यामुळे लहान बाटलीतील मद्य लवकर परिपक्व होते आणि लवकर उतरते. काच, बूच, तारेची जाळी, लेबल व मजुरी यांचा खर्चही मापाच्या प्रमाणात घटत नाही. म्हणून लहान बाटलीत दर पेल्यामागे अधिक दाम मोजावे लागतात. १७३५ च्या राजाज्ञेतील ‘प्रमाणात’ हा शब्द काचेच्या वजनाला लागू करता आला. किमतीला तो लागू झाला नाही.

ही अडचण टाकीच्या पद्धतीने पुष्कळशी दूर केली. इटलीतील आस्ती येथे फेदेरिको मार्तिनोत्ती याने १८९५ मध्ये आणि पुढे फ्रान्समध्ये यूजीन शार्मा याने १९०७ मध्ये, दुसरे किण्वन मोठ्या बंद टाकीत करण्याची रीत सिद्ध केली. टाकीतून मद्य कोणत्याही मापाच्या बाटलीत भरता येते. माप हा मद्यनिर्मितीचा प्रश्न उरत नाही, तो केवळ भरणीचा प्रश्न होतो. २००९ मध्ये नव्या स्वरूपात संरक्षित झालेल्या प्रोसेक्को या इटालियन मद्याच्या पाव बाटल्या सर्वत्र दिसू लागल्या, त्याचे मूळ या टाकीत आहे. शँपेनच्या पेढ्यांपैकी पोमेरीने १९९९ मध्ये निळ्या रंगाची, नळीने पिण्याची पाव बाटली काढली. ती नवी कल्पना म्हणून गाजली. वस्तुतः ती पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या मापाला दिलेला नवा पोशाख होता.

७. मापांचे एकीकरण आणि त्यातील अवशेष

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाटल्यांची मापे कायद्याने ठरवण्याचे काम राष्ट्रांहून मोठ्या संस्थांकडे गेले. युरोपीय समुदायाच्या १९७४ च्या निर्देशाने मद्याच्या बाटल्यांची मापे आखून दिली. २००७ च्या निर्देशाने इतर पुष्कळ वस्तूंची मापे मोकळी केली. पण फेसाळ मद्यासाठी १२५ ते १५०० मिलिलिटरच्या मर्यादेत १२५, २००, ३७५, ७५० व १५०० ही पाचच मापे ठेवली. अमेरिकेत १९७९ च्या आरंभापासून जुन्या ‘पाचव्या’ भागाच्या बाटलीऐवजी ७५० मिलिलिटरची बाटली आली. तेथे पाव बाटली १८७ मिलिलिटरची आहे. १८७ हा ७५० चा पाव भाग. २०० हा शँपेनच्या जुन्या ८०० मिलिलिटरच्या बाटलीचा पाव भाग. एकाच नावाच्या दोन बाटल्यांतील तेरा मिलिलिटरचा फरक म्हणजे दोन इतिहासांतील फरक होय. त्याचप्रमाणे युरोपीय नियमानुसार फेसाळ मद्याला छत्रीच्या आकाराचे बूच व त्यावर बांधणी आवश्यक असली, तरी ०.२० लिटरपर्यंतच्या बाटल्यांना त्यातून सूट आहे. सर्वांत लहान बाटलीला कायद्यानेच बूच उडवण्याच्या समारंभातून मुक्त केले आहे.

ब्रिटनने युरोपीय संघ सोडल्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये तेथील शासनाने ५६८ मिलिलिटरच्या, म्हणजे इंपीरियल पाइंटाच्या, मद्याच्या बाटलीस परवानगी देण्याचे जाहीर केले. या घोषणेच्या समर्थनार्थ चर्चिल यांचे नाव पुन्हा पुढे आले. वर चौथ्या विभागात दाखवल्याप्रमाणे, जुन्या ब्रिटिश व्यापारात शँपेनचा जो ‘पाइंट’ दिसतो त्याचे माप पुष्कळदा अर्ध्या बाटलीचे होते आणि ती अर्धी बाटली युरोपीय कायद्याने कधीच काढून घेतली नव्हती. तेव्हा परंपरेच्या नावाने जे परत आणले गेले, ते परंपरेचा एक मर्यादित धागाच होता.

रूढ क्वार्टाचे अवशेष भारतातही उरले आहेत. दशमान पद्धती आल्यावर मद्याच्या बाटल्या ७५० व ३७५ मिलिलिटरच्या झाल्या. हे आकडे रूढ क्वार्ट व रूढ पाइंट यांच्या अगदी निकट आहेत. १८० मिलिलिटरच्या बाटलीला मराठी बोलीत ‘क्वार्टर’ म्हणतात. तो पाव भाग कशाचा, हा प्रश्न विचारला की गॅलनाच्या सहाव्या भागापर्यंत जावे लागते. फेसाळ द्राक्षमद्याची निर्मिती महाराष्ट्रात १९८० च्या दशकात जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे शँपेन पद्धतीने सुरू झाली आणि ते मद्य ‘उमर खय्याम’ या नावाने परदेशीही गेले. पुढे नाशिक जिल्ह्यात या उद्योगाचा विस्तार झाला. दिंडोरी येथे शांदों या फ्रेंच मूळ असलेल्या संस्थेचा कारखाना उभा राहिला. परंतु येथील लहान बाटलीचा इतिहास लिहिताना द्राक्षबागांइतकाच १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, त्यातील परवाने आणि राज्याचा अबकारी कर यांचा विचार करावा लागेल. माप हे नेहमीच कराच्या सावलीत वाढते.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, फेसाळ मद्याची लहान बाटली ही आधुनिक जाहिरातीची निर्मिती नसून १७३५ पासून कायदामान्य असलेले माप आहे. जाहिरातीने तिला नवा ग्राहक दिला, जन्म दिला नाही. दुसरी, तिच्या प्रसाराचे टप्पे रुचीइतकेच, किंबहुना रुचीहून अधिक, शासनाच्या निर्णयांशी जुळतात : १७२८ ची वाहतुकीची मोकळीक, १८६० व १८६१ मधील जकात व किरकोळ विक्रीचे कायदे, १९३३ मधील जर्मन करस्थगिती आणि १९७४ नंतरची मापनिश्चिती. तिसरी, उघडल्यावर न टिकणाऱ्या पेयाच्या बाबतीत माप हेच संगतीचे नियमन करते. मोठी बाटली मंडळी जमवते. लहान बाटली एकट्याला किंवा दोघांना मोकळीक देते, आणि त्या मोकळिकीची किंमत दर पेल्यामागे वसूल करते.

लहान बाटलीमुळे एकूण मद्यपान घटते की वाढते, याचे एकच उत्तर इतिहास देत नाही. एका वेळी घेतले जाणारे माप ती निश्चितच कमी करते. प्रसंगांची संख्या मात्र वाढवते. ग्लॅडस्टन आणि त्यांचे विरोधक यांच्या वादात दोन्ही पक्षांना आधार सापडला तो यामुळेच. सणाचे पेय साध्या दिवसाचे झाले म्हणजे त्याचे सामाजिक मोल घटते, की सणाचा थोडा अंश साध्या दिवसाला मिळतो, हा प्रश्न द्राक्षमद्यापुरता नाही. चहा, साखर, कॉफी यांच्या इतिहासातही तो येतो. एकेकाळी दरबारी वा औषधी समजल्या गेलेल्या या वस्तू पुडीच्या, छटाकाच्या आणि पेल्याच्या मापाने घरोघर गेल्या. त्या मापांचा इतिहास मराठीत अद्याप सविस्तर लिहिला जावयाचा आहे. तो लिहिताना वस्तूच्या किमतीबरोबरच ती ज्या पात्रातून दिली-घेतली गेली त्या पात्राच्या मापाकडेही अभ्यासकांनी लक्ष पुरवले पाहिजे.